कोंडाजी पाणी मागतात

कोंडाजी आजवर एकशे सतरा घरी पाणी प्यायले आहेत. त्यातल्या एकाही घरी त्यांना तहान लागलेली नव्हती.

त्यांचं गाव संसरी. देवळाली कॅम्पाला ते इतकं चिकटून आहे की तोफांचा सराव सुरू झाला की घराघरांत मांडणीवरच्या वाट्या वाजतात. या गावात आणि भावकीत कुणाच्या मुलीला स्थळ आलं, की बैठकीच्या आधी, कांदेपोह्यांच्याही आधी, मुलाकडच्यांना कळू न देता कुणीतरी जाऊन ते घर बघून यायचं असतं. तीस वर्षांपासून हे काम कोंडाजींकडे आहे. म्हैस बघायला आलोय, वाट चुकलोय, असं काहीतरी सांगून ते दारात उभे राहतात आणि पाणी मागतात. पाण्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही आणि पाणी पिणाऱ्याकडे कुणी निरखून बघत नाही. तेवढ्यात कोंडाजी तांब्याचं बूड, दावणीची जनावरं, दोरीवरचे कपडे आणि अंगणातला केर बघून घेतात. पाणी सावकाश पितात. एका तांब्याला त्यांना सात मिनिटं लागतात. परतल्यावर मुलीच्या बापाला निकाल मिळतो, बहुधा एका वाक्यात. "तांब्या भायेरून घासलेला हाय, आतून नाय." किंवा, "विहीर मचूळ हाय, पोरगी तिथं नांदायची नाय." मचूळ पाण्याच्या घरी त्यांनी आजवर एकही मुलगी जाऊ दिलेली नाही.

नोकरीत ते तोफखान्याच्या भांडारात स्टोअरकीपर होते. निवृत्तीच्या दिवशी भांडाराची मोजदाद झाली, तेव्हा एक चमचा जास्त निघाला. कमी निघाला असता तर त्यांना समजण्यासारखं होतं. जास्त कसा निघाला, यावर ते अजून विचार करतात.

एकशे सतरा निकालांपैकी एकशे सोळा बरोबर ठरले. चुकलेला एक त्यांच्या स्वतःच्या मुलीचा होता.

मीनासाठी निफाडकडचं स्थळ आलं, तेव्हा ते त्या घरी तीन वेळा, तीन निरनिराळी कारणं काढून गेले. विहीर गोड होती, तांब्या आतूनबाहेरून लखलखत होता, बैल धष्टपुष्ट होते. तिन्ही वेळा पाणी घरातल्या थोरल्या सुनेनं आणलं. तिनं मान वर केली नाही. तांब्या खाली ठेवताना आवाजसुद्धा होऊ दिला नाही आणि भिंतीला लागून लागून आत गेली. घरी आल्यावर कोंडाजी म्हणाले, "सून मर्यादेची हाय." पुढे चौदा महिन्यांनी मीना एका पिशवीनिशी परत आली, तेव्हा तीसुद्धा भिंतीला लागून चालत होती.

यावर बापलेकीत कधी बोलणं झालं नाही. मीनानं कॅम्पाच्या बाजारात शिलाईचं दुकान टाकलं. फौजींच्या बायकांचे ब्लाऊज शिवता शिवता तिला पंधरा वर्षं झाली, एक जुनी चारचाकी झाली, वय एकोणचाळीस झालं. मधल्या काळात आई, भागीबाई, वारली. घरात दोघंच उरली. लोक मात्र घर बघायला कोंडाजींनाच पाठवत राहिले, कारण चुकल्याचा अनुभव असलेला माणूस गावात दुसरा कुणी नव्हता.

त्या अनुभवानं कोंडाजींचा संशय घरं बघण्यापुरता राहिला नाही. दूधवाला हसून बोलला की ते दूध तापवण्याआधी चाखतात. कुरिअरवाल्याला त्याचं नाव, गाव आणि वडलांचा धंदा सांगितल्याशिवाय सही मिळत नाही. यंदा संक्रांतीच्या आठवड्यात एक सत्तरीकडे झुकलेली बाई दारात आली. सुती पातळ, हातात कापडी पिशवी. वाळवलेल्या चिकूच्या फोडी घेता का, असं तिनं विचारलं आणि मग म्हणाली, "जरा पाणी मिळंल का?"

"कुठल्या तुमी?" कोंडाजींनी विचारलं.

"लांबची."

"लांबची म्हंजी?"

"समुद्राकडची."

"मंग इकडं कशाला?"

"सांगितलं की, चिकू विकायला."

"नाशकात द्राक्षं सोडून चिकू कोण खातं? आधार कार्ड हाय का?"

कोंडाजींनी कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाकडे बोट केलं आणि दार लावून घेतलं. मग पडद्याआडून पाहिलं. बाई समोरच्या साळूबाईकडे गेली, तिथं पाणी प्याली आणि चांगली अर्धा तास बसली. पिशवीत चिकूचं एकच पाकीट होतं, आणि तेसुद्धा तिनं विकलं नाही. एक पाकीट विकायला कुणी घाट चढून येत नाही. ही घरफोडीची टेहळणी आहे, हे कोंडाजींनी त्याच दिवशी सगळ्या गल्लीला सांगितलं आणि दाराला दुसरी कडी बसवून घेतली.

फेब्रुवारीत एका रविवारी मीना म्हणाली, "अण्णा, उद्या दुकान बंद आहे. समुद्र बघायला जाऊ."

"कशाला?"

"बघायला."

"समुद्र बघून काय करायचं?"

"बघायचा. एक रात्र राहायचं. परत यायचं."

पंधरा वर्षांत या मुलीनं काही नुसतं बघायला म्हणून पाहिलं नव्हतं. कोंडाजी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर कारण कधीच कळलं नसतं.

सकाळी गाडीत बसताना त्यांनी मागची डिकी उघडून बघितली. त्यात त्यांचे दोन पायजमे, शाल आणि गोळ्यांचा डबा होता. गोळ्या दहा दिवसांच्या होत्या. एका रात्रीला दहा दिवसांच्या गोळ्या. भगूरच्या एका ओळखीच्या म्हाताऱ्याला मुलानं असंच देवदर्शनाला नेलं होतं आणि एका आश्रमात ठेवून तो एकटाच परत आला होता. कोंडाजींनी गोळ्यांचा डबा उचलून मांडीवर घेतला.

"डबा तरी मागं राहू द्या," मीना म्हणाली.

"असू दे. हाताशी बरा."

तिनं गिरणाऱ्याकडून हरसूलचा रस्ता धरला. डोंगरांतून वळणं घेत, चाळिसाच्या वर काटा न नेता ती चालवत होती. पळस फुलले होते. भात निघून गेलेली खाचरं उन्हात पडून होती. एका वळणावर तिनं गाडी थांबवली, खाली उतरली आणि कठड्यापाशी नुसती उभी राहिली.

"इथं काय हाय?" कोंडाजींनी काचेतून विचारलं.

"काही नाही. खालचं छान दिसतं."

कोंडाजी उतरले आणि त्यांनी दरीची पाहणी केली. दरीत त्यांना आक्षेपार्ह काही आढळलं नाही. गाडीत परत बसताना मात्र पायाखालचं रबर सरकलं आणि त्याखाली चिमूटभर वाळू दिसली. त्यांनी ती बोटांत धरून चोळली. बारीक, काळसर, मधे शिंपल्याचे कण. गोदावरीची वाळू अशी नसते. दारणेची तर नाहीच. मीना दर शनिवारी इगतपुरीला शिलाईचा क्लास घ्यायला जात असे, निदान तसं सांगून जात असे. वाळू त्यांनी रुमालाच्या टोकात बांधली.

हरसूलला बाजार भरला होता. नागली, सुकी मासळी, बांबूच्या टोपल्या, गर्दी. मीनानं एका टपरीसमोर गाडी लावली. टपरीवाल्यानं, त्याचं नाव बारकू, न विचारता तिच्यापुढे कोऱ्या चहाचा कप ठेवला.

"ताई, आज शनवार नाय," बारकू म्हणाला.

"माहीत आहे रे."

"नाय, मला वाटलं मीच दिस चुकलो. न आज लय हळू आलास. रोज कशी भुरकन जास."

"आज माझ्यासोबत अण्णा आहेत," मीना म्हणाली. बारकूनं कोंडाजींकडे पाहिलं आणि तो एकाएकी कढईतल्या भज्यांकडे फार लक्ष देऊ लागला.

कोंडाजींनी चहा पिऊन टाकला. हरसूल इगतपुरीच्या वाटेवर नाही, हे सांगायला नकाशा लागत नाही. आश्रम हा विषय त्यांनी मनातल्या मनात मागे टाकला. आश्रम बघायला कुणी दर शनिवारी भुरकन जात नाही. उरलं ते याहून अवघड होतं.

तिथून पुढे ते रस्ता बघेनासे झाले, मीनालाच बघू लागले. खड्डा दिसायच्या आधीच तिचा पाय ब्रेकवर जात होता. जव्हारच्या आत शिरताना ती एका दुकानासमोर आपोआप हळू झाली आणि दुकानातल्या बाईनं हात केला. कासा गेल्यावर हवा जड झाली, ताडाची झाडं दिसू लागली. मीना गुणगुणायला लागली आणि बाप शेजारी आहे हे आठवून थांबली. कोंडाजींनी समोरचा कप्पा उघडला. आत कापडी थैली होती, वाळवलेल्या चिकूची. थैलीची कड त्यांनी उलटून बघितली. दुहेरी दुमड, वर एक सरळ टीप, टोकाला तीन टाके उलटे. ही टीप कॅम्पात एकाच मशीनवर पडते.

डहाणू मागे पडलं आणि डावीकडे सुरूच्या झाडांतून समुद्र दिसला. ओहोटी होती. किनारा रिकामा होता, लांब एक बैलगाडी ओल्या वाळूवरून चालली होती. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. मीनानं गाडी झाडाखाली उभी केली.

"हा समुद्र," ती म्हणाली.

कोंडाजींनी रुमालाची गाठ सोडली आणि वाळू तिच्यापुढे धरली.

"मीने, इगतपुरीला समुद्र कधी आला?"

तिनं वाळूकडे बघितलं. मग म्हणाली, "आठ महिने झाले."

"नाव?"

"किशोर चुरी. पुढं घोलवडच्या अलीकडे वाडी आहे, चिकूची. नाशिकला प्रदर्शनात आला होता, थैल्या शिवून हव्या होत्या. पाचशे शिवल्या. मग परत पाचशे."

"एवढा चिकू खातं कोण?"

"अण्णा."

"बरं. लगीन झालेलं?"

"बायको वारली. आठ वर्षं झाली. कावीळ."

"दवाखान्यात न्हेली व्हती का?"

"नेली होती. मी विचारलंय. कागदही बघितलेत." ती थांबली. "तुमचीच मुलगी आहे मी."

समोरची बैलगाडी बरीच पुढे गेली. मीना स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसत होती.

"मागच्या वेळी मी काही बघितलं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही बघितलं होतं. या वेळी मी आठ महिने बघतेय, पण माझा भरवसा नाही माझ्यावर. म्हणून आणलं तुम्हाला. दोघांनी बघू. तुम्ही नाही म्हणालात तर इथूनच गाडी वळवते."

एवढं ती पंधरा वर्षांत बोलली नव्हती. कोंडाजींनी वाळू खिडकीबाहेर झटकली, रुमालाची घडी घातली. निफाडच्या त्या घराचा पांढरा चुना त्यांना दिसत होता, आणि त्याला लागून चालणारी ती थोरली सून. जे दिसलं होतं त्याचा अर्थ त्यांनी स्वतः उलटा लावला होता. पुन्हा लावला तर?

"आपण येणार हे सांगितलंय का त्यांला?"

"हो."

"मंग काय बघायचं? सगळं घासूनपुसून ठेवलं आसंल."

"अण्णा, चला."

घर कौलारू होतं, मागे चिकूची गर्द वाडी, पुढे ओटा. ओट्यावर शेहेचाळीस-सत्तेचाळिसाचा एक माणूस ताटांत चिकूच्या फोडी पसरत बसला होता. कोंडाजींना बघून तो उठला, हात पंच्याला पुसले, नमस्कार केला आणि खुर्ची सरकवली. खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्यानं खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि बाजूला उभा राहिला. म्हणजे घासूनपुसून ठेवलेलं नव्हतं. किंवा तसं वाटावं म्हणून खुर्ची तशी ठेवली होती. कोंडाजींनी दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्या.

"वाट बरी होती ना?" किशोरनं विचारलं.

"वळणाची व्हती."

"हरसूलवरून आलात? जरा लांब पडतं."

"मीनाला पाठ हाय," कोंडाजी म्हणाले. किशोरनं मान खाली घातली आणि नीट पसरलेल्या फोडी पुन्हा पसरायला घेतल्या.

मीना चपला काढून सरळ आत गेली होती. थोड्या वेळानं तिचा आवाज बाहेर आला, चांगला मोठा.

"साखरेचा डबा पुन्हा खालीच? मागच्या वेळी मुंग्या निवडत बसलो होतो ना?"

"तू रोज ये, मग ठेव पाहिजे तिथं," दुसरा, म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "शनिवारी यायचं नि हुकूम सोडायचे."

"अण्णांच्या चहात साखर नको हं. आणि आज तरी उकळू नका अर्धा तास."

"आता चहा तू मला शिकव."

"शिकवतेच."

कोंडाजी खुर्चीत जरा पुढे सरकले. त्यांच्या घरी मीना इतक्या मोठ्यानं बोलत नसे. दुकानात बोलत असेल, ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. निफाडकडच्या घरात तर त्यांनी तीन खेपांत बाईमाणसाचा आवाजच ऐकला नव्हता, आणि ती गोष्ट त्यांनी त्या घराच्या जमेला धरली होती.

आतून पाण्याचा तांब्या घेऊन किशोरची आई, यशोदाबाई, बाहेर आल्या. सुती पातळ. तेच. कोंडाजींनी तांब्यासाठी पुढे केलेला हात अर्ध्यावर राहिला.

"ओळखलं म्हणायचं," यशोदाबाई म्हणाल्या. "घ्या. तुमच्याकडं नळ कोपऱ्यावर आहे, आमच्याकडं पाणी घरात असतं."

त्या टेहळणीलाच आल्या होत्या. ते कोंडाजींनी पहिल्या झटक्यात ओळखलं होतं. तीस वर्षं त्यांनी स्वतः जे केलं, नेमकं तेच त्यांच्या दारात कुणीतरी करून गेलं होतं, आणि त्यांना चोर आठवले. पाहणी मुलाच्या घराची करतात. मुलीच्या बापाचं घर कुणी असं बघून जाईल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, शिवाय आपल्या घरात लग्नाची मुलगी आहे हेही ते विसरून गेले होते.

"आई, तुम्ही संसरीला गेला होतात?" मीना दारात आली होती. तिलाही हे नवीन दिसत होतं.

"जाणार नाय? एकुलता एक मुलगा. मीही बघितलंच पाहिजे ना."

"पन पानी तर तुमी आमच्याकडं प्याल्याच नाय," कोंडाजी म्हणाले. धंद्यातल्या माणसाचा प्रश्न होता तो. "मंग निकाल कशावरून लावला?"

"शेजारणीकडं प्याले की. साळूबाई ना त्या? बोलायला चांगल्या आहेत."

"काय म्हनली साळू?"

"म्हणाल्या, म्हातारा खडूस आहे. देवावरसुद्धा भरवसा नाय त्याचा, तुळशीला पाणी घालतो नि मागं वळून बघतो." यशोदाबाईंनी पदरानं हात पुसले. "आणि म्हणाल्या, लेक परत आली त्या दिवसापासून एकदा म्हणून तिला परत जा म्हणाला नाय. ते लोक न्यायला आले, तर दारात आडवा उभा राहिला. पाणी नाय दिलं त्यांना."

मीना दाराच्या चौकटीकडे बघत होती.

"साळू असं बोलायची नाय," कोंडाजी म्हणाले. "तिचं न माझं गटारीवरून भांडन हाय."

"ते पण सांगितलं त्यांनी."

कोंडाजींनी तांब्या घेतला. बूड बघितलं. आतून बघितला. स्वच्छ होता, पण आगाऊ कळवल्यावर त्याला पुरावा म्हणता येत नाही. मग त्यांनी प्यायला सुरुवात केली. आजवर पाणी पिताना त्यांच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. इथं तिघंही बघत होते. किशोर ताट हातात धरून उभा होता. मीनानं पदरासारखी ओढणी मुठीत धरली होती. निकाल एका वाक्यात येतो आणि पाण्यावरून सुरू होतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आणि या किनाऱ्यावरच्या विहिरींचं पाणी कसं आहे तेही.

त्यांना पूर्ण सात मिनिटं लागली. तांब्या त्यांनी खाली ठेवला आणि रुमालानं मिशी पुसली.

"पानी मचूळ हाय," ते म्हणाले.

मीनाच्या मुठीतली ओढणी सुटली. किशोर घाईनं सांगायला लागला, "समुद्र जवळ ना, उन्हाळ्याकडे जरा होतं. प्यायला आम्ही पुढच्या गावातून..."

"मी दुसरं मागितलं का?" कोंडाजींनी त्याला विचारलं.

कोंडाजी ओट्याच्या कडेनं भिंतीकडे बघत होते. चुन्याच्या भिंतीवर ओल आली होती आणि खालचा हातभर रंग गेला होता. पण तिला लागून कुणी चालत असल्याची खूण तिच्यावर दिसत नव्हती. बराच वेळ बघितलं, तरी दिसली नाही.

"मीने," ते म्हणाले, "आनखी एक तांब्या आन. घशाला कोरड पडलीये."

मीनानं तांब्या उचलला आणि जवळजवळ धावतच आत गेली. हंड्यावरचं झाकण हातातून सुटलं असावं. ते फरशीवर आदळलं, गोल गोल फिरत राहिलं आणि घरभर त्याचा आवाज झाला.

कोंडाजी कान देऊन बसले. यशोदाबाई चिकूच्या फोडी उलटत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. किशोर खुर्चीखालची पुठ्ठ्याची घडी नीट करत होता. झाकण फिरायचं थांबलं. त्या आवाजावर कुणी काहीच म्हणालं नाही.